सुमोचा भाकीत-खेळ आणि गूगल फॉर्म्स-शीट्स: पंधरा दिवस टिकणारी मांडणी कशी करायची

सुमोच्या चाहत्यांचा भाकितांचा खेळ चालवायचा म्हटलं की वेगळं अ‍ॅप शोधून झाल्यावर बहुतेक आयोजक शेवटी गूगल फॉर्म्स आणि शीट्सवरच येऊन थांबतात. फुकट आहे, फोनवर उघडतं, शिकवावं लागत नाही. निकाल आधीच सांगून टाकतो. रोजच्या कुस्त्यांचे विजेते ओळखण्याच्या खेळाला हे साधन उत्तम आहे. बाशो, म्हणजे पंधरा दिवसांची सुमो स्पर्धा, सुरू होण्याआधी मल्ल निवडून ठेवण्याच्या खेळाला चांगलं आहे. बान्झुके, म्हणजे पुढच्या बाशोची मल्लांची क्रमवारी, ओळखण्याच्या खेळाला मात्र नुसता फॉर्म जवळजवळ निरुपयोगी, तिथे शीटची वेगळी युक्ती लागते. आणि तिन्ही खेळांत एक गोष्ट समान आहे: फॉर्म ही फक्त टपालपेटी आहे. वेळ पाळणं, नियम लावणं, गुण देणं यातलं काहीही तिच्यावर सोपवलं की सातव्या-आठव्या दिवसापर्यंत भांडण ठरलेलं.

आधी रोजचा खेळ, कारण खरी कसोटी तिथेच लागते. माकुउचीत, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात, ४२ मल्ल, म्हणजे सगळे धडधाकट असतील तर दिवसाला २१ कुस्त्या. फॉर्मवर २१ प्रश्न, प्रत्येकाला दोनच पर्याय. पहिल्या दोन दिवसांच्या जोडी बाशोच्या आधीच्या शुक्रवारी ठरतात, त्यामुळे दोन फॉर्म निवांत तयार करता येतात. त्यानंतर रोज उद्याच्या जोडी आज जाहीर होतात. शेवटच्या दिवसाच्या, सेन्शुराकूच्या जोडी मात्र चौदाव्या दिवसाच्या कुस्त्या आटोपल्यावर लागतात. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्याच दिवशी खेळाडूंना सगळ्यात कमी वेळ मिळतो. हे वेळापत्रक पहिल्याच दिवशी खेळाडूंना लिहून द्यावं.

एकवीस प्रश्न रोज हाताने टाइप करायचे नाहीत. शीटमध्ये दोन रकाने करा, पूर्व आणि पश्चिम (कुस्तीतल्या दोन बाजूंची ही नावं), आणि अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये दहा-पंधरा ओळींचं फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून त्या रकान्यांवरून फॉर्मचे प्रश्न तयार करा. एकदा लिहिलं की पंधरा दिवस चालतं, पुढच्या बाशोलाही चालतं. पर्यायांचा क्रम उलटसुलट करण्याची सोय बंद ठेवा. पूर्वेचा मल्ल नेहमी वर, पश्चिमेचा खाली, हा क्रम डोळ्यांत बसला की चुकीच्या जागी बोट पडण्याचं प्रमाण कमी होतं. वाकाताकाकागे आणि वाकामोतोहारु, किंवा कोतोझाकुरा आणि कोतोशोहो, फोनच्या छोट्या पडद्यावर एकाखाली एक आले की घाईत भलत्यावरच टिचकी पडते.

जोडी अधिकृत ठिकाणाहून, म्हणजे जपान सुमो असोसिएशनच्या संकेतस्थळावरून घ्या. इम्पोर्टएचटीएमएल या सूत्राने तक्ता आपोआप ओढून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. जे पान ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालल्यावर भरतं, त्यातलं त्या सूत्राला काहीच दिसत नाही. रकाना रिकामा राहतो किंवा त्रुटीचा संदेश येतो. एकवीस ओळी नकलून चिकटवायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत.

आता वेळ. खेळ मोडतो तो इथेच. माकुउचीच्या कुस्त्या जपानी वेळेनुसार दुपारी चार वाजून गेल्यावर सुरू होतात आणि सहाच्या सुमारास संपतात. सेन्शुराकूला बक्षीस समारंभ आणि गरज पडल्यास निर्णायक कुस्ती असते, म्हणून सगळं साधारण अर्धा तास आधी चालू होतं. चौदा दिवस साडेतीनची मुदत ठेवून पंधराव्या दिवशी ती अचानक तीनवर आणली, की कोणीतरी चुकतंच. त्यापेक्षा पंधराही दिवस दुपारी तीन, जपानी वेळ, हीच मुदत ठेवा.

‘जपानी वेळ’ हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. जपान घड्याळं पुढे-मागे करत नाही, पण अमेरिका आणि युरोपातले खेळाडू करतात. ओसाकाचा हारु बाशो मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो आणि अमेरिकेतली घड्याळंही त्याच रविवारी एक तास पुढे जातात. म्हणजे पहिल्याच दिवशी अमेरिकेतल्या खेळाडूंचा हिशेब चुकायची पूर्ण सोय. युरोपात हा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो. २०२३ साली तो २६ मार्चला, म्हणजे नेमका सेन्शुराकूला आला होता. प्रत्येकाला त्याच्या देशाची वेळ सांगत बसू नका. एकच जपानी वेळ जाहीर करा आणि ती आपल्या घड्याळात बसवण्याची जबाबदारी ज्याची त्याला द्या.

शीटमध्ये फाइल मेनूत सेटिंग्ज उघडून टाइम झोन टोकियो करा. अ‍ॅप्स स्क्रिप्टचा टाइम झोन वेगळा असतो, तोही बदला. हे दोन वेगळे आहेत हे न कळल्यामुळे फॉर्म भलत्याच तासाला बंद होतो आणि कारण सापडता सापडत नाही. तिथेच लोकेलही बघा, कारण तारीख दिवस-महिना वाचायची की महिना-दिवस हे त्यावर ठरतं. मेमधल्या बाशोची १०/५ ही तारीख एका लोकेलमध्ये दहा मे असते, दुसऱ्यात पाच ऑक्टोबर.

मुदत संपताच फॉर्म बंद करण्यासाठी स्क्रिप्टचा ट्रिगर लावता येतो, पण रोजच्या ठरावीक वेळेचा ट्रिगर मिनिटाला मिनिट पाळत नाही. मिनिट नेमून दिलं तरी पंधरा मिनिटं अलीकडे-पलीकडे होऊ शकतात. म्हणून बंद होण्याला किंमत देऊ नका. फॉर्म उघडाच राहू द्या आणि उत्तरासोबत नोंदला जाणारा टाइमस्टॅम्प प्रमाण माना. मुदतीनंतरची ओळ शीटमध्येच बाद ठरवायची. याचा दुसरा फायदा असा की उशिरा पाठवणाऱ्याचं उत्तरही दिसतं. ‘मी वेळेत पाठवलं होतं’ या वादाला तिथल्या तिथे उत्तर मिळतं. (मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ सेटिंगमध्येच देता येते. मात्र बाकीची मांडणी शीट्सवर असेल तर तेवढ्यासाठी घर बदलण्यात अर्थ नाही.)

उत्तर पाठवल्यावर बदलू देण्याची सोय सुरू करू नका. ती सोयीची वाटते, पण बदल केला की जुनी ओळ पुसली जाते आणि टाइमस्टॅम्प नवा होतो. सकाळी वेळेत पाठवलेल्या खेळाडूने मुदतीनंतर उगाच एक नाव बदललं, तर त्याचं सकाळचं चांगलं उत्तरही हातचं जातं. त्याऐवजी एकाला कितीही वेळा पाठवू द्या आणि मुदतीआधीचं शेवटचं उत्तर धरा. शीटमध्ये हे दोन पायऱ्यांत होतं. वेगळ्या टॅबवर फिल्टर सूत्राने मुदतीआधीच्या ओळी घ्या आणि सॉर्टने त्या वेळेनुसार उलट्या लावा, नवी वर. मग गुणांच्या टॅबवर खेळाडूच्या नावाने तंतोतंत जुळणीचं व्हीलुकअप टाका. ते पहिली सापडलेली ओळ घेतं, म्हणजे आपोआप सगळ्यात ताजी.

उत्तरांच्या टॅबमध्ये स्वतःची सूत्रं लिहायची नाहीत. नवं उत्तर आलं की तिथे नवी ओळ घुसते, त्यामुळे शेजारी लिहिलेलं सूत्र त्या ओळीत उतरत नाही आणि ठरावीक ओळींवर बोट ठेवणारे संदर्भ सरकतात. दुसऱ्या टॅबवरून अख्ख्या रकान्याचा संदर्भ द्यायचा. नवशिक्या आयोजकाचा पहिला दिवस बिघडतो तो बहुतेक यामुळेच.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये एक निरुपद्रवी दिसणारी सोय आहे, उत्तरं दिल्यावर सगळ्यांच्या उत्तरांचा सारांश दाखवण्याची. ती बंदच हवी. नाहीतर हुशार मंडळी आधी काहीतरी भरून पाठवतात, बहुमत बघतात आणि मग खरं उत्तर देतात.

सुमोचे स्वतःचे प्रसंग फॉर्मला माहीत नसतात, ते नियमांत आधीच लिहावे लागतात. सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे माघार, क्यूजो. जोडी जाहीर झाल्यावर, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं की अमुक मल्ल दुखापतीमुळे उतरणार नाही. मग प्रतिस्पर्ध्याला न लढता जय मिळतो, त्याला फुसेन्शो म्हणतात. आदल्या रात्री उत्तर पाठवणाऱ्याला हे माहीत नव्हतं. दुपारी पाठवणाऱ्याला फुकटचा एक गुण मिळतो. म्हणून रोजच्या खेळात फुसेनची कुस्ती सगळ्यांसाठी रद्द धरावी, त्या दिवशी कमाल गुण २१ ऐवजी २०. शीटमध्ये निकालाच्या रकान्यात पूर्व, पश्चिम आणि रद्द अशा तीन किमती ठेवल्या की काम झालं. २०२२ च्या नागोया बाशोत कोविडमुळे अख्ख्या तालमींनी माघार घेतली होती. असे पंधरा दिवस आले तर रद्द कुस्त्यांचा नियम नसलेला खेळ तरत नाही.

माघारीने संख्या विषम झाली की जुर्योतला, म्हणजे लगेच खालच्या विभागातला, एखादा मल्ल वर येऊन लढतो. तुमची नावांची यादी फक्त ४२ जणांची असेल तर व्हीलुकअप तिथे अडतो. यादीत जुर्योचे २८ सुरुवातीपासूनच घ्या, एकूण ७०.

निकाल भरताना घाई नको. पंचांनी गुनबाई (हातातला पंखा) एका बाजूला दाखवली म्हणजे निकाल लागला असं नाही. मोनोई झाली, कडेचे परीक्षक आखाड्यात चढले, तर निर्णय उलटू शकतो किंवा कुस्ती पुन्हा होते. थेट प्रक्षेपण बघत भरणारे इथे फसतात आणि पाच मिनिटं चुकीची क्रमवारी झळकत राहते. जाहीर घोषणा झाल्यावरच भरा, किंवा सगळ्या कुस्त्या संपल्यावर एकदम.

काही आयोजक विजयी डावाचं, किमारितेचं भाकीतही जोडतात. अधिकृत डाव ८२ आहेत, पण योरिकिरी आणि ओशिदाशी हे दोनच निकालपत्रकात पुन्हा पुन्हा दिसतात. सगळ्या डावांना सारखा गुण दिला तर सगळे हेच दोन लिहितात आणि प्रश्नातला जीव जातो. या दोघांना एक, बाकीच्या कोणत्याही डावाला तीन, असं काहीतरी करा. शिवाय प्रतिस्पर्धी स्वतःच्याच चुकीने हरतो, जसं पाय आधी बाहेर पडणं, अशा निकालांना डावात गणत नाहीत. तिथे प्रश्न रद्द करा. खरं तर रोज २१ कुस्त्यांवर हा प्रश्न म्हणजे जुलूम आहे, शेवटच्या एका कुस्तीपुरताच ठेवावा.

बाशोपूर्व निवडीचा खेळ चालवायला सोपा आहे. मल्लांचे दर्जानुसार (वरून खाली योकोझुना, ओझेकी, सेकिवाके, कोमुसुबी आणि मग क्रमांक लावलेले माएगाशिरा) चार गट करा: कोमुसुबी आणि त्यावरचे सगळे, माएगाशिरा १ ते ५, ६ ते १०, ११ आणि खालचे. प्रत्येक गटातून एक निवड, जितके जय तितके गुण. माघार घेतली तर पुढचे जय मिळणार नाहीत, एवढंच. बदली खेळाडू द्यायला गेलात तर हिशेब किचकट होतो आणि हाती काही लागत नाही. फुसेन जयाला इथे गुण द्यायला हरकत नाही, कारण निवड बाशोआधीच झालेली असते आणि अधिकृत नोंदीतही तो जयच असतो. माएगाशिराने योकोझुनाला हरवलं, म्हणजे किनबोशी मिळवली, तर दोन गुण वरचे द्या. पण फुसेनने किंवा प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळालेला जय किनबोशी नसतो, आणि कोमुसुबी-सेकिवाकेने योकोझुनाला हरवलं तरी ती किनबोशी नाही. हे तीन अपवाद नियमांत हवेतच.

विजेतेपद कोणाला, या प्रश्नाला फॉर्मच्या यादीत सगळी ४२ नावं द्या. वरची आठ-दहा नावं आणि ‘इतर’ असा शॉर्टकट मारू नका. २०२० च्या जानेवारीत तोकुशोर्यू माएगाशिरा १७ वरून जिंकला, २०२४ च्या मार्चमध्ये ताकेरुफुजी पहिल्याच माकुउची बाशोत, तोही माएगाशिरा १७ वरूनच, आणि २०२५ च्या जुलैत कोतोशोहो माएगाशिरा १५ वरून. अशा बाशोत ‘इतर’ लिहिणाऱ्या सगळ्यांना सारखे गुण द्यावे लागतात आणि ज्याने खरोखर नाव ओळखलं असतं त्याच्यावर अन्याय होतो.

बरोबरी फोडायला विजेत्याचे जय किती, असा प्रश्न चांगला चालतो. मात्र तो ‘१२-३’ अशा रूपात विचारू नका. शीट त्याची तारीख करून टाकतं आणि तिथे डिसेंबर किंवा मार्च उगवतो. हाताने आकडे भरतानाही ‘८-७’ लिहिलं की हेच होतं. दहा ते पंधरा असा नुसत्या जयांचा ड्रॉपडाउन द्या. निर्णायक कुस्तीतला जय या आकड्यात धरत नाहीत, हेही प्रश्नाखालीच लिहा. २०२५ च्या जानेवारीत होशोर्यू, किनबोझान आणि ओहो तिघेही १२-३ वर थांबले होते आणि त्यांच्यात लढती होऊन होशोर्यू जिंकला. तिथे बरोबर उत्तर १२ च.

आता बान्झुके ओळखणं. दर्दी लोकांचा लाडका खेळ, आणि या साधनाची खरी कमजोर बाजू. बाशो संपल्यावर येणाऱ्या बुधवारी क्रमवारी ठरते, पण त्या दिवशी जुर्योत चढणारे आणि योकोझुना-ओझेकीच्या बढत्या एवढंच बाहेर येतं. बाकी कागद पुढच्या बाशोच्या पहिल्या दिवसाच्या साधारण तेरा दिवस आधी सोमवारी निघतो. खेळ उघडायला त्या बुधवारची संध्याकाळ योग्य, बंद करायला आदल्या रविवारची मध्यरात्र, जपानी वेळ. गुण सोपे (प्रत्येक दर्जाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू असतात): दर्जा आणि पूर्व-पश्चिम दोन्ही बरोबर असेल तर दोन, दर्जा बरोबर पण बाजू चुकली तर एक. कमाल ८४.

फॉर्मवर ४२ ड्रॉपडाउन टाकले तर एकच मल्ल दोन जागी आला हे फॉर्म पकडत नाही आणि फोनवर ते भरणं शिक्षाच आहे. चालणारा मार्ग असा: शीटचा नमुना तयार करा, प्रत्येक जागेला ड्रॉपडाउन, आणि दोनदा आलेलं नाव काउंटइफच्या साहाय्याने लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग. दुव्याच्या शेवटचा ‘एडिट’ काढून ‘कॉपी’ लिहिलं की खेळाडूला उघडतानाच स्वतःची प्रत मिळते. प्रत्येक मल्लाला दोन अंकी क्रमांक द्या, ११ पासून सुरू करून. टेक्स्टजॉइनने सगळे क्रमांक एका ओळीत जोडा आणि खेळाडूने तेवढी एकच ओळ फॉर्ममध्ये चिकटवायची. या ओळीच्या सुरुवातीला एखादं अक्षर हवंच. नुसते ८४ अंक आले तर शीट त्याला संख्या समजतं आणि पंधरा अंकांनंतरचं सगळं पुसट होतं. ते परत मिळवायची सोय नाही.

नमुन्यातल्या जागा दर बाशोला बदलतात, हे लक्षात न ठेवणारे इथे आपटतात. योकोझुना ते कोमुसुबी मिळून नऊ असतील तर माएगाशिरा ३३, म्हणजे १७ ला फक्त पूर्वेची जागा. आठ असतील तर १७ च्या दोन्ही बाजू. दहा असतील तर यादी १६ पश्चिमवर संपते. आणि किती जण वर असतील, हाच खेळाडूच्या अंदाजाचा भाग असतो. म्हणून सेकिवाके आणि कोमुसुबीला रिकाम्या जादा जागा ठेवा आणि तुलना ओळीच्या क्रमांकाने न करता दर्जाच्या नावाने करा. ओळीने केली तर एक जादा कोमुसुबी धरणाऱ्याची खालची सगळी यादी एका घराने सरकते. २०२३ च्या जानेवारीत ओझेकी एकच होता, म्हणून तेरुनोफुजीची नोंद योकोझुना-ओझेकी अशी झाली होती. अशा नावासाठीही एक जागा नियमांत असू द्या.

छापील बान्झुकेवर पूर्व उजवीकडे असते. तो कागद समोर ठेवून डावीकडून भरत जाणाऱ्याच्या सगळ्या बाजू उलट्या होतात, आणि यादी शंभर टक्के बरोबर असूनही गुण निम्मे पडतात. नमुन्यात पूर्वेचा रकाना रंगवून ठेवा.

क्रमांकांचा आणखी एक उपयोग वर्षभराच्या नोंदींत कळतो. मल्ल नावं बदलतात. २०२४ च्या मेमध्ये कोतोनोवाका कोतोझाकुरा झाला, आणि कोतोझाकुरा हे त्याच्या आजोबांचंही नाव, ५३ वे योकोझुना. नावावर बांधलेलं शीट अशा वेळी एका माणसाचे दोन तुकडे करतं किंवा दोघांचा एक. रोमन लिपीत तर एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. क्रमांक कायम, नाव फक्त दाखवण्यापुरतं.

क्रमवारी लोकांना दाखवायला वेगळी फाइल करा आणि इम्पोर्टरेंजने फक्त अंतिम गुण तिथे आणा. मूळ फाइल वाटू नका, तिच्यात सगळ्यांचे ईमेल असतात. इथे एक बारकी गोम आहे: एकदा दोन फाइलींमध्ये परवानगी दिली की दुसऱ्या फाइलीत संपादन करू शकणारा कोणीही इम्पोर्टरेंज लिहून मूळ फाइलीतला कोणताही भाग ओढू शकतो. म्हणून क्रमवारीच्या फाइलीला फक्त पाहण्याची मुभा, संपादनाची नाही. उघडी असताना ती साधारण तासाने ताजी होते, तेव्हा निकाल भरल्यावर लगेच आकडे दिसले नाहीत म्हणून सूत्रं उखडू नका.

लॉग-इन सक्तीचं करावं का? एकाला एकच उत्तर ही मर्यादा किंवा पडताळलेला ईमेल हवा असेल तर गूगल खातं लागतंच, आणि ज्यांना ते नको त्यांना खेळता येत नाही. ओळखीच्या तीस-चाळीस जणांत टोपणनाव आणि चार आकडी गुप्त क्रमांक पुरतो. अनोळखी लोक येणार असतील तर खातं सक्तीचं करा, नाहीतर दुसऱ्याच्या नावाने उत्तर भरण्याचे उद्योग सुरू होतात.

पैसे लावू नका, प्रवेश शुल्कही नको. २०१० मध्ये बेसबॉलवरच्या जुगारात मल्ल अडकले आणि जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचकेने त्या वर्षीच्या नागोया बाशोचं थेट प्रक्षेपणच रद्द केलं होतं. सुमोच्या जगात हा विषय अजून हळवा आहे, आणि शीटमध्ये पैशाचा रकाना आला की प्रत्येक फुसेनवर वकिली सुरू होते.

बाशो रद्द झाला तर काय, हेही एका ओळीत लिहून ठेवा. २०११ चा मार्च बाशो आणि २०२० चा मे बाशो झालाच नव्हता. वार्षिक क्रमवारी सहा बाशोंच्या बेरजेवर असेल तर ती पाचांवर आणावी लागते, सरासरीवर असेल तर काहीच करावं लागत नाही. सेन्शुराकू आटोपला की फॉर्म आणि शीटची प्रत काढून तिच्यात सूत्रांच्या जागी नुसत्या किमती चिकटवा. ही प्रत जुनी नोंद म्हणून राहते आणि मूळ फाइलीतली उत्तरं पुसून पुढच्या बाशोला तीच वापरता येते.